अपंगाला सांभाळणाऱ्याचीही नाडी पाहा

आमच्या गावचा बाजार मंगळवारी भरतो. त्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतून पेशंट येतात आणि दवाखान्याच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका मंगळवारी एक बाई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पाठुंगळीला घेऊन रिक्षातून उतरली. मुलगा जन्मापासून अपंग. हातपाय आखडलेले, मान डुगडुगणारी, बोलणे फक्त आईला कळेल असे. तो दोन वर्षांचा होता तेव्हापासून माझ्याकडे येतो. कधी फिट, कधी खोकला, कधी ताप. त्या दिवशीही खोकलाच होता.

बाईने मुलाला बाकावर टेकवले आणि स्वतः टेबलाचा पाय धरून खालीच बसली. चेहरा पांढराफटक पडला होता. मी ब्लडप्रेशर पाहिले. १८० वर ११०. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, तर रक्ताचा लवलेश नाही. "चक्कर कधीपासून येते?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय डाक्टर? पोराचं बघा."

आमच्या सिस्टर तिला पडद्याआड घेऊन गेल्या. दहा मिनिटांनी त्यांनी मला हळूच सांगितले की, बाईचे अंग बाहेर येते. नऊ वर्षांपासून. मुलाचे वजन वाढत गेले, तसा तिचा त्रास वाढत गेला. पुरुष डॉक्टरला सांगायचे कसे, म्हणून ती गप्प राहिली.

वाचकहो, त्या रात्री मी हिशेब केला. सतरा वर्षांत त्या मुलासाठी मी निदान दीडशे वेळा तरी औषधे लिहून दिली असतील. आईच्या नावाची एकही चिठ्ठी त्यात नव्हती. दर वेळी ती माझ्यासमोर तीन फुटांवर उभी होती, आणि मी तिला पाहिलेच नव्हते. हा दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझा आहे. म्हणूनच आज हा विषय घेतला आहे.

मी तिला सांगितले, "ताई, ऑपरेशन करावे लागेल. जिल्ह्याच्या ठिकाणी सोय होईल. पण त्यानंतर निदान तीन महिने वजन उचलायचे नाही."

ती हसली. "आन् ह्याला कोन उचलंल? तुमी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. औषधाच्या कपाटात या प्रश्नाचे उत्तर नसते. ते गावात शोधावे लागते.

अपंगत्वाचे रूप बदलले आहे

आमच्या लहानपणी अपंग म्हटले की पोलिओ झालेले मूल डोळ्यांसमोर येई. लसीकरणाने तो काळ मागे पडला. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण म्हणून अपंगत्व संपले नाही. आता दवाखान्यात येतात ते अर्धांगवायूने अंग लुळे पडलेले, मोटारसायकलच्या अपघातात मणका मोडलेले, मधुमेहाच्या जखमेपायी पाय कापावा लागलेले, आणि जन्मताच मेंदूला इजा झालेली मुले.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील दर दहापैकी जवळजवळ सात जण खेड्यात राहतात. महाराष्ट्रातली संख्या २९ लाखांवर होती. २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते एकवीस झाले. सरकारी कागदांत आता 'दिव्यांग' हा शब्द असतो. शब्द कोणताही वापरा, पण 'पांगळा', 'येडा', 'मुका' अशा हाका मारू नका. त्या माणसाला नाव आहे, त्याच नावाने बोलवा.

वर सांगितलेल्या मुलाच्या आजाराला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदू वाढत असताना त्याला इजा होते आणि स्नायूंवरचा ताबा बिघडतो. मूल फार अपुऱ्या दिवसांचे जन्मणे, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणे, जन्मानंतरची तीव्र कावीळ किंवा मेंदूज्वर ही त्याची काही कारणे. पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. ग्रहणात आईने विळी हातात धरली म्हणून असे होते, हे शंभर टक्के खोटे आहे. त्या माऊलीने हा टोमणा एकोणीस वर्षे ऐकला. हा आजार संसर्गाने पसरत नाही. मेंदूची झालेली इजा आपोआप वाढत जात नाही, मात्र व्यायाम आणि काळजी नसेल तर हातपाय अधिकाधिक आखडतात. आणि महत्त्वाचे म्हणजे, बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असे नाही. अशा अनेक मुलांची बुद्धी शाबूत असते. आपण त्यांच्यासमोर काय बोलतो, ते त्यांना कळत असते.

बाळाने चार महिन्यांपर्यंत मान धरली नाही, नऊ-दहा महिन्यांपर्यंत बसले नाही, मुठी सतत आवळलेल्या राहिल्या किंवा वर्षाच्या आतच ते एकाच हाताने सगळे करू लागले, तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नका. अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासणारी सरकारी पथके येतात, त्यांना दाखवा. ती पथके अशा मुलांना पुढील उपचारासाठी जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. लवकर सुरू केलेल्या व्यायामाचा फायदा फार मोठा असतो.

घरातला दुसरा पेशंट

अपंग माणसाच्या घरात आजारी एकच आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक घरांत दोघे असतात. दुसरा म्हणजे त्याची सेवा करणारा माणूस. बहुधा ती आई, बायको, सून किंवा बहीण असते. पण अर्धांगवायू झालेल्या पत्नीला न्हाऊ-माखू घालणारे सत्तरीचे आजोबाही माझ्या पाहण्यात आहेत.

या माणसांच्या तक्रारी ठरलेल्या. कंबर आणि गुडघे दुखणे, रात्री चार-चार वेळा उठल्याने झोप न होणे, जेवण वेळी-अवेळी, त्यातून अशक्तपणा. ब्लडप्रेशर किंवा मधुमेह असला तर गोळ्या मध्येच सुटलेल्या. बायकांमध्ये अंग बाहेर येणे. आणि सगळ्यांत मोठी तक्रार कुणी बोलून दाखवत नाही. ती मनाची. कशात लक्ष न लागणे, उगाच रडू येणे, चिडचिड, आणि 'मी मेल्यावर याचं काय' हा एकच विचार. 'आम्ही दोघंही एकदमच गेलो तर बरं' असे कुणी सहज बोलल्यासारखे बोलले, तर ते सहज समजू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करून मोफत बोलताही येते.

त्या बाईला मी विचारले, शेवटचे माहेरी कधी गेलात? म्हणाली, अकरा वर्षे झाली. भावाच्या मुलीच्या लग्नालाही गेली नाही. गावात कुणी वाईट वागत होते असे नाही. शेजारणीला मी नंतर विचारले, हळदीकुंकवाला यांना का बोलावत नाही? ती म्हणाली, "तिला पोराचं करायचं असतंय, उगं कशाला तरास, म्हून न्हाई बोलावत."

माझ्या मते खेड्यातल्या अपंगांच्या घराभोवतीची भिंत याच एका वाक्याने बांधलेली आहे. कुणाच्या मनात पाप नसते. पण 'त्रास नको' म्हणून आधी आमंत्रण बंद होते, मग येणेजाणे बंद होते, आणि शेवटी ते घर गावात असून गावाबाहेर पडते. आमंत्रण द्या. यायचे की नाही ते त्यांना ठरवू द्या.

घरातल्या प्रत्येकाने शिकावे असे काही

ऑपरेशनसाठी कुणी तरी मुलाला सांभाळायला हवे होते. बाईची जाऊ तयार झाली. सराव म्हणून तिने दोन दिवस त्याला जेवू घातले. तिसऱ्या दिवशी मुलगा तापाने फणफणलेला आला. न्यूमोनिया. जावेने त्याला आडवे ठेवूनच वरण-भात भरवला होता आणि घास श्वासनलिकेत गेला होता. ती बिचारी रडत होती. सासू म्हणाली, "बघा, आईबिगर कुणाला जमत न्हाई." पण चूक जावेची नव्हती. तिला कुणी शिकवलेच नव्हते. शिकवणे माझे काम होते. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. तेव्हा शिकवलेल्या गोष्टी येथे देतो. अर्धांगवायूच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या इतर रुग्णांनाही त्या उपयोगी पडतात.

भरवणे : पाठीला आधार देऊन ताठ बसवा. मान मागे पडू देऊ नका, हनुवटी किंचित खाली असावी. लहान चमच्याने भरवा. एक घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर खिमट, घट्ट पेज, कुस्करलेले केळे असे पदार्थ द्या आणि द्रवपदार्थ कसे द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका.

कूस बदलणे : स्वतः हलता येत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, कुल्हे, टाचा, घोटे आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात पाहा. लाल डाग दिसला आणि दाबून सोडल्यावरही लालच राहिला, तर ती अंथरुणातल्या जखमेची सुरुवात आहे. त्यावर चोळू नका, स्पिरिट लावू नका. त्या जागेवरचा दाब काढा. चादरीला सुरकुती नको आणि ओल तर अजिबात नको.

उचलणे : एकट्याने उचलू नका. दोघांनी उचला. कमरेत न वाकता गुडघ्यांत वाका, माणसाला अंगाजवळ घ्या आणि एक-दोन-तीन म्हणून एकदम उठा. हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. खाटेवर सरकवायचे असेल तर जाड चादर अंगाखाली घालून चादरीसकट सरकवा. खाट फार खाली असेल तर पायांखाली पक्के, न हलणारे ठोकळे देऊन ती सेवा करणाऱ्याच्या कमरेइतकी उंच करा. एवढ्या एका गोष्टीने निम्मी कंबरदुखी कमी होते. एक मजबूत खुर्ची घेऊन बैठकीला भोक पाडले आणि खाली भांडे ठेवले की घरच्या घरी संडासाची सोय होते.

सांधे : दिवसातून दोनदा प्रत्येक सांधा हळुवार वाकवा आणि सरळ करा. जोर करू नका. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या.

फिट : गोळ्या एक दिवसही चुकवू नका. फिट आली तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काहीही होत नाही. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर ताबडतोब दवाखाना गाठा.

हे सगळे दोन तासांत शिकवून झाले. जाऊ शिकली, धाकटा दीर शिकला, शेजारची दोन पोरेही शिकली. ती पोरे तालमीत जाणारी होती. त्यांना उचलण्याची रीत माझ्याहून लवकर कळली.

गावाने काय करावे

१९७८ साली अल्मा-आटा येथे सर्वांसाठी आरोग्याचा जाहीरनामा निघाला. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित पुनर्वसनाची कल्पना मांडली. नाव मोठे असले तरी अर्थ सोपा आहे. अपंगाला गावातून उचलून संस्थेत नेण्याऐवजी गावच त्याच्यासाठी थोडे बदलायचे. संस्थांचे मोल कमी नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात कमरेखाली लुळेपणा आला. त्यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि शेकडो अपंगांना उभे केले. पण प्रत्येक खेड्याला नसीमाताई मिळणार नाहीत. आपल्या गल्लीपुरते काम आपल्यालाच करावे लागेल.

आशाताईंनी त्या वस्तीवरच्या सहा घरांची पाळी लावली. रोज दुपारी दोन ते चार एका घरातले कुणी तरी मुलाजवळ बसायचे. सुरुवातीला लोक लाजत. बसून करायचे काय? मग एक म्हातारे गृहस्थ रेडिओ घेऊन येऊ लागले. त्यांच्या लक्षात आले की क्रिकेटची कॉमेंट्री लागली की मुलगा हसतो आणि चौकार गेला की हात हलवतो. गावाला एकोणीस वर्षांनी कळले की याला क्रिकेट कळते.

हे दोन तास सेवा करणाऱ्या माणसाला औषधाइतके उपयोगी पडतात. तुमच्या शेजारी असे घर असेल तर 'काही लागलं तर सांगा' असे म्हणू नका. कुणी सांगत नाही. 'मंगळवारी दोन ते चार मी बसते, तू बाजार करून ये' असे सांगा.

दुसरी गोष्ट पायरीची. शाळा, देऊळ, ग्रामपंचायत, दवाखाना, सगळीकडे पायऱ्या आहेत. माझ्या दवाखान्यालाही तीन होत्या. त्या बाईने त्या सतरा वर्षे मुलाला पाठीवर घेऊन चढल्या. उताराचा हिशेब सोपा आहे. जेवढी उंची, त्याच्या बारापट लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार. एका बाजूला धरायला कठडा हवा. दवाखान्यापुढे आता उतार आहे. जागा कमी असल्याने तो एका वळणाने केला. म्हाताऱ्यांनाही त्याचाच उपयोग होतो.

तिसरी गोष्ट पैशाची. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. हा पैसा कशावर खर्च होतो, ते ग्रामसभेत विचारा. विचारणारे नसतील तर तो नको तिथे खर्च होतो किंवा पडून राहतो. त्या गावात २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा प्रश्न मुलाच्या काकाने विचारला. थोडी बाचाबाची झाली, पण शाळेला आणि पंचायतीला उतार मंजूर झाले. देवळाच्या उताराचे मात्र अजून भिजत घोंगडे आहे.

कागदपत्रांचे काम टाळू नका

सर्वांत आधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, तो सेवा केंद्रात भरून मिळतो. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व लागते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. एस.टी. आणि रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे, आणि ठरावीक तीव्र अपंगत्वात सोबत्यालाही मिळते. चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, कुबड्या केंद्राच्या एडिप योजनेच्या शिबिरांत मिळू शकतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुअपंगत्व असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. याच चार गटांतील मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की कायदेशीर पालक नेमून घ्या. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करतात. 'माझ्यामागे याचं काय' या काळजीचा निदान एक भाग त्याने हलका होतो.

सहा ते अठरा वर्षांच्या अपंग मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 'आमच्याकडे सोय नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. मूल घराबाहेर पडूच शकत नसेल तर विशेष शिक्षकाने घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी करा.

२०१६ च्या कायद्यात काळजीवाहकाच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. म्हणजे सेवा करणे हेही काम आहे, हे कायद्याने मान्य केले. आपण घरात आणि गावात ते कधी मान्य करणार?

ऑपरेशनचे पुढे काय झाले

आठ महिने लागले. आधी रक्त वाढवले, ब्लडप्रेशर ताब्यात आणले. मग जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झाले. जावेने तीन महिने मुलाला सांभाळले. मध्ये एकदा कुरबूर झाली, एका घराने पाळी सोडली, दुसऱ्याने घेतली. मुलाच्या पाठीवर एक लाल डाग आला होता, तो शेजारच्या पोरानेच पाहिला आणि वेळेत सांगितला. जखम झाली नाही. बाई आता मुलाला एकटी उचलत नाही. आणि हो, अकरा वर्षांनी ती चार दिवस माहेरी जाऊन आली.

सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. मुलाच्या फिट्स आहेत, हातपाय आखडलेले आहेत. ही दुखणी मी बरी करू शकलो नाही. पण संध्याकाळी तो चाकाच्या खुर्चीवर पारावर बसलेला असतो, आणि येणारा-जाणारा त्याला स्कोअर विचारतो.

आता माझ्या दवाखान्यात नियम आहे. अपंग किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाबरोबर आलेल्या माणसाचेही वजन, ब्लडप्रेशर आणि रक्त तपासायचे. त्याची केसपेपरवर वेगळी नोंद करायची, आणि दोन प्रश्न विचारायचे : रात्री झोप लागते का? तुमच्याऐवजी घरात कोण बघतं?

वाचकहो, दुसरा प्रश्न विचारायला डॉक्टर लागत नाही. तुमच्या गल्लीत, भावकीत असे एखादे घर असेलच. या आठवड्यात एकदा तिथे जा. अपंग माणसाशी त्याच्या नावाने बोला. मग त्याला सांभाळणाऱ्याला विचारा, 'तुमची तब्येत कशी आहे?' आणि उत्तर येईपर्यंत थांबा.